खिमा : रोजच्या जेवणातील मांसाहार आणि घ्यावयाची दक्षता

जबलपूर शहरातील गोरखपूर हा भाग बाजारपेठेसाठी ओळखला जातो. येथून ग्वारीघाटाकडे, म्हणजेच नर्मदेच्या काठाकडे जाणारा मार्ग निघतो. जबलपूर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होण्यापूर्वी हे शहर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. गोरखपूरलगतच्या हाऊबाग स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी सातपुड्यातील नॅरोगेज गाडी २०१५ पर्यंत धावत होती. या दीर्घ संबंधांमुळे जबलपूरच्या मराठी घरांत वऱ्हाडी आणि नागपुरी स्वयंपाकाच्या पद्धती टिकून राहिल्या. मांसाहारी कुटुंबांच्या रोजच्या जेवणातील खिमा हा त्यांपैकीच एक पदार्थ होय.

शब्द आणि पदार्थ

खिमा म्हणजे बारीक कुटलेले अथवा यंत्रातून काढलेले मांस. मूळ तुर्की भाषेतील हा शब्द फारसीमार्गे भारतीय भाषांत आला. भारतात खिमा प्रामुख्याने बकऱ्याच्या मांसाचा केला जातो. अलीकडच्या काळात कोंबडीच्या खिम्याचा वापरही वाढला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मात्र याच पदार्थासाठी टर्की या पक्ष्याचा खिमा वापरण्याची पद्धत रुळली आहे. तेथील दुकानांत तो तयार मिळतो, बकऱ्याचे मांस सर्वत्र उपलब्ध नसते आणि अनेक कुटुंबे गोमांस वर्ज्य मानतात, ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातील असून तो प्रथम मेक्सिकोच्या परिसरात माणसाळविण्यात आला. भारतात तो पोर्तुगिजांच्या व्यापारातून आला. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून आणलेले दुर्मिळ पशुपक्षी जहांगीर बादशहाला सादर केले. त्यांत या पक्ष्याचाही समावेश होता. बादशहाच्या आज्ञेवरून उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र रेखाटले. बरेलीजवळील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने टर्कीच्या पैदाशीवर काम केले असून ‘कारी-विराट’ ही जात विकसित केली आहे. तथापि, भारतीय बाजारपेठांत टर्कीचा खिमा सहसा आढळत नाही. टर्कीसाठी सांगितलेली कृती कोंबडीच्या खिम्यालाही लागू पडते, कारण दोन्हींत चरबीचे प्रमाण कमी असते.

कुक्कुटपालनाच्या क्षेत्रात जबलपूरचेही योगदान आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९४८ मध्ये झाली. हे महाविद्यालय आता नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. कडकनाथ आणि ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून निर्माण झालेली ‘नर्मदा निधी’ ही कोंबडीची जात येथेच विकसित करण्यात आली.

पोषणमूल्य

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीस शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता असते. म्हणजेच ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. टर्कीच्या १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात. अर्धा किलो खिमा चौघांत वाटला असता प्रत्येकास सुमारे २४ ग्रॅम, अर्थात दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्मी प्रथिने मिळतात.

लोहाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मांसातील लोह वनस्पतिजन्य लोहापेक्षा शरीरात अधिक सहजतेने शोषले जाते. या दृष्टीने बकऱ्याचा खिमा पक्ष्यांच्या खिम्यापेक्षा सरस ठरतो. पक्ष्यांच्या खिम्यात चरबी कमी असते, हा त्याचा लाभ होय. घरातील स्त्रियांनी शेवटी जेवण्याची प्रथा असलेल्या कुटुंबांत त्यांच्या वाट्याचा खिमा आधीच बाजूला काढून ठेवणे हितावह ठरते.

रोजच्या जेवणासाठी कृती

चार व्यक्तींसाठी अर्धा किलो खिमा, दोन मोठे कांदे, दोन टोमॅटो, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, अर्धी वाटी दही, हळद, तिखट, धणे-जिरे पूड, गरम मसाला आणि मीठ असे साहित्य घ्यावे. दोन मोठे चमचे तेलात कांदा तांबूस परतून त्यात वाटण व कोरडे मसाले घालावेत. तेल सुटल्यावर टोमॅटो घालून ते गळेपर्यंत शिजवावेत. नंतर खिमा घालून मोठ्या आचेवर परतावा आणि गुठळ्या उलथन्याने मोडाव्यात. शेवटी दही व थोडे गरम पाणी घालून झाकण ठेवावे. कोंबडीचा किंवा टर्कीचा खिमा १२ ते १५ मिनिटांत शिजतो, तर बकऱ्याच्या खिम्यास अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. पक्ष्यांचा खिमा अधिक वेळ शिजविल्यास कोरडा व चिवट होतो. दही आणि टोमॅटोमुळे त्यात ओलावा राहतो.

जबलपूर जिल्हा हिरव्या मटारच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्यासाठी मटारचीच निवड करण्यात आली आहे. त्यामुळे हिवाळ्यात मटार-खिमा हा सोयीचा पदार्थ ठरतो. एक वाटी मटार घातल्यास तेवढ्याच खिम्यात आणखी एका व्यक्तीचे जेवण भागते. मेथी अथवा बटाटा घालूनही असा विस्तार करता येतो. नागपुरी सावजी पद्धतीत खसखस, दगडफूल व सुके खोबरे यांचे भाजलेले वाटण वापरले जाते. उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी पराठ्यात किंवा पॅटिसमध्ये भरता येतो.

साठवण आणि सुरक्षितता

अखंड मांसाच्या तुकड्यावरील जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात. मांस बारीक करताना ते सर्व भागांत मिसळतात. त्यामुळे खिम्याच्या बाबतीत अधिक दक्षता आवश्यक ठरते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पक्ष्यांचा खिमा आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सियस, तर बकरा, मेंढी आदींचा खिमा किमान ७१ अंश सेल्सियस तापमानापर्यंत शिजविला पाहिजे. केवळ रंग बदलला म्हणून तो शिजला असे समजू नये.

कच्चा खिमा चार अंशांच्या खाली ठेवावा आणि एक ते दोन दिवसांत वापरावा. उणे १८ अंशांवर गोठविलेला खिमा तीन ते चार महिने चांगला राहतो. गोठलेला खिमा ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच वितळू द्यावा. शिजविलेला खिमाही दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मर्यादा एक तासाची आहे. जबलपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हे ध्यानात घेता बाजारातून आणलेला खिमा विनाविलंब घरी पोहोचविणे श्रेयस्कर.

खरेदी करताना आधीच काढून ठेवलेला खिमा घेण्याऐवजी समोर मांस निवडून त्याचाच खिमा करून घ्यावा. यंत्र स्वच्छ असल्याची खात्री करावी. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये मांसविक्रेत्यास नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे आणि ग्राहकास तो पाहण्याची मागणी करता येते. कच्च्या मांसासाठी वापरलेली पाटी, सुरी आणि हात साबणाने धुतल्याखेरीज कोशिंबिरीच्या भाज्यांना लावू नयेत.