दिनविशेष : २५ मे — धुरातून आलेला स्मोकी

अमेरिकी मोटार शर्यतींतला अवलिया मेकॅनिक हेन्री ‘स्मोकी’ युनिक याचा जन्म २५ मे १९२३ चा. पेन्सिल्व्हेनियातल्या शेतावर वाढलेला हा पोरगा. वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. शाळा सुटली, शेती अंगावर पडली. त्याने भंगारातल्या मोटारीचे सुटे भाग जोडून चक्क ट्रॅक्टर उभा केला. शिकवायला कोणी नव्हतं. शर्यतीत पळवायची त्याची मोटारसायकल भकाभका धूर ओकायची, म्हणून नाव पडलं ‘स्मोकी’.

दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-१७ बॉम्बर चालवलं. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला गॅरेज थाटलं आणि पाटी लावली : गावातलं सगळ्यात झकास गॅरेज! (मूळ पाटीत एक शिवराळ शब्दही होता.) पाटी खोटी नव्हती. त्याने तयार केलेल्या हडसन हॉर्नेटवर हर्ब थॉमसने १९५१ ची डार्लिंग्टनची ‘सदर्न ५००’ मारली. १९६० ची इंडियानापोलिस ५०० जिंकणाऱ्या जिम रॅथमनच्या गाडीमागेही स्मोकीचे हात होते.

पण तो खरा गाजला नियमांतल्या फटींमुळे. पेट्रोलची टाकी केवढी असावी, हे नियमात होतं. नळीबद्दल अवाक्षर नव्हतं. पठ्ठ्याने अकरा फूट लांब, दोन इंच जाड नळी गाडीत वेटोळी करून बसवली. इंधन टाकीत मापात, नळीत वर आणखी! याला लबाडी म्हणणारे म्हणोत. नियमाचं पुस्तक त्याच्याइतकं बारकाईने वाचणारे थोडेच.