खुराड्यातला दिवा आणि अंड्यांचा पैसा



खुराड्यात दिवा लावला की कोंबडी जास्त अंडी देते, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. हा दिवा खुराड्यात आला कसा आणि त्यानं कुणाचं भलं झालं, ते आज ऐकू या.

ही गोष्ट अमेरिकेची. शंभर वर्षांपूर्वी तिथंही शेतावरच्या कोंबड्या बहुतेक बायकाच सांभाळत. अंडी विकून किराणा, कापड, मुलांच्या गरजा भागत. तो पैसा बाईचा, असं सगळे धरून चालत. अडचण थंडीत येई. न्यूयॉर्ककडे डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा. कोंबड्या अंडी द्यायच्या जवळपास थांबत, आणि भाव तर तेव्हाच चढलेला असे.

१९२० च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स राइस आणि इतर संशोधकांनी खुराड्यात दिवे लावून दिवस लांबवला. ऐन थंडीत अंडी मिळू लागली. एक गोष्ट लवकरच कळली. रात्री दिवा एकदम मालवला तर कोंबडीला अंधारात दांडीवर चढता येत नाही. म्हणून पुष्कळांनी दिवा पहाटे लावायला सुरुवात केली.

आधी लोकांना वाटे, उजेडात कोंबडी जास्त वेळ खाते, म्हणून अंडी वाढतात. १९३० नंतर फ्रान्सचे शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले. उजेड पक्ष्याच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, हे त्यांतून दिसलं. दिवस मोठा झाला असं मेंदूला कळलं, की अंडाशय कामाला लागतं.

पण वीज होती कुठं? १९३५ मध्ये तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पुढं ती गावोगाव पोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या शेड, पिंजरे, तयार खाद्य आणि कर्ज आलं. हजारो कोंबड्यांचा धंदा उभा राहिला आणि अंडी स्वस्त झाली. घरच्या पन्नास-शंभर कोंबड्या परवडेनात. बाईच्या हातातला अंड्यांचा पैसा हळूहळू गेला. दिव्यानं अंडी वाढवली, पण ती कुणाच्या नावावर विकायची हे ठरवलं माणसांनी.

आपल्याकडे डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो, म्हणून गावठी कोंबडीचं दिव्यावाचून फारसं अडत नाही. अंड्यांच्या मोठ्या शेडमध्ये मात्र सोळा तासांपर्यंत उजेड देतात. तुमच्या गटानं दिवा लावायचं ठरवलं, तर तो रोज ठरल्या वेळी लावा आणि अंडी चालू असताना उजेड एकदम कमी करू नका. तलंगांना लवकर जास्त उजेड दिला, तर त्या वयाआधी अंड्यावर येतात आणि अंडी बारीक पडतात.

आणि बल्ब आणण्याआधी बैठकीत एक ठराव लिहून ठेवा: अंड्यांचा पैसा कुणाच्या खात्यात जमा होणार?