कॅसेट भरून देणारं दुकान आणि कलम ५२

मंडळी, या शनिवारी थोडा कायद्याचा इतिहास. घाबरू नका, मी वकील नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कायदाही कोडसारखाच असतो हो. जुन्या ओळी, त्यावर दुरुस्त्या, आणि मधेच एक शब्द बदलला की सगळ्याचं वागणं बदलतं.

प्रश्न साधा आहे. विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःसाठी कॉपी केली, किंवा ती मित्राला दिली, तर ती चोरी का?

आमच्या काटोलात हा प्रश्न कुणाला पडलेला मी तरी ऐकला नाही. बाबांच्या काळात ६० नाहीतर ९० मिनिटांची ब्लँक कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. मी शाळेत असताना तेच काम मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर व्हायचं. भाषासुद्धा तीच राहिली बघा, "भाऊ, गाणी भरून द्या ना!"

आता कायदा काय म्हणत होता? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. त्याच्या कलम ५२ मध्ये 'संशोधन किंवा खाजगी अभ्यास' यासाठी रास्त वापराला सूट होती. पण ती साहित्य, नाटक, संगीत आणि चित्रं-शिल्पं यांना. खरी मेख इथे आहे. कायद्याच्या भाषेत 'संगीत' म्हणजे फक्त चाल. तबकडीवरचं ध्वनिमुद्रण ही वेगळी वस्तू, आणि ती या यादीत नव्हतीच! तेव्हा घरोघरी टेप नव्हते, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

मग ऐंशीचं दशक आलं. आखातातून टू-इन-वन आले, कॅसेट स्वस्त झाल्या आणि नकलांचा बाजार फोफावला. सरकारने १९८४ च्या दुरुस्तीत शिक्षा वाढवली: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. अर्थात नफ्यासाठी धंदा म्हणून केलेलं नसेल, तर कोर्टाला सबळ कारण देऊन शिक्षा कमी करता येते. म्हणजे दुकानदार आणि घरचा श्रोता यांतला फरक कायद्यालाही कळत होता.

१९९४ च्या दुरुस्तीने 'खाजगी अभ्यास' जाऊन 'खाजगी वापर' आला, पण ध्वनिमुद्रण अजूनही बाहेरच. शेवटी २०१२ साली संगणक प्रणाली सोडून 'कोणत्याही कृतीला' सूट मिळाली, आणि शब्द झाले 'खाजगी किंवा वैयक्तिक वापर'. म्हणजे घरातल्या कॅसेटला कायद्याने दार उघडलं ते कॅसेट संपल्यावर. याला म्हणतात वरातीमागून घोडं!

गंमत म्हणजे प्रत्यक्ष मैफलीच्या बाबतीत कायदा आधीच उदार होता. १९९४ च्याच दुरुस्तीने गायक-वादकांना स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, पण कलम ३९ ने स्वतःसाठी केलेलं रेकॉर्डिंग त्यातून वगळलं. नागपुरात गाणं शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या मैफली रसिकांनी आपापल्या टेपवर धरून ठेवल्या आणि एकमेकांना दिल्या. वसंतराव १९८३ साली गेले. कंपन्यांनी न छापलेलं किती गाणं केवळ या हौशी लोकांमुळे उरलं, विचार करा.

बाहेर काय झालं? जर्मनीने १९६५ साली मधला मार्ग काढला: घरी कॉपी करा, पण रेकॉर्डिंग यंत्राच्या किमतीत थोडा आकार द्या, तो कलाकारांकडे जाईल. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये असा मोबदला न ठेवताच सूट दिली, तर २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने ती रद्द केली. अमेरिकेत नॅप्स्टर १९९९ ला सुरू झालं आणि २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे बंद पडलं. तिथे प्रश्न मित्राचा नव्हताच, लाखो अनोळखी लोकांचा होता.

माझं मत विचाराल तर रेघ इथे ओढावी. स्वतःसाठी कॉपी: हक्काची. घरच्यांना, दोन-चार मित्रांना: तीही सुटीत स्पष्ट लिहावी, कारण आज 'वैयक्तिक' शब्दात ती बसते की नाही यावर वाद होऊ शकतो. पैसे घेऊन भरून देणं किंवा जगासाठी अपलोड करणं: नाही.

"मग कलाकाराने खायचं काय?" हा प्रश्न रास्तच आहे. भरलेल्या कॅसेटचे पैसे दुकानदाराला मिळाले, गीतकाराला छदामही नाही. पण त्याचं उत्तर श्रोत्याला गुन्हेगार ठरवण्यात नाही. २०१२ च्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही असं ठरवलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकाच दुरुस्तीत आल्या हे बरंच झालं. त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

आता तर आपण गाणं विकत घेतच नाही, महिन्याच्या भाड्याने ऐकतो. वर्गणी थांबली की गाणी गायब. कॉपीचा हक्क कागदावर आहे, पण कॉपी करायला हातात काही नाही. उद्याच्या वसंतरावांची मैफल कोण जपून ठेवणार? यावर जरा बोला. पुढच्या शनिवारी भेटू.