उशी कुणाच्या डोक्याखाली?

आजचा विषय आहे उशी. बचत, कर्ज, हळदीचा भाव सोडून उशीवर काय बोलायचं, असं काही जणींना वाटेल. पण आपल्याकडे एक म्हण आहे, ‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’. पोटात भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि अंग दमलेलं असलं की उशाला धोंडा असला तरी झोप लागते. ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की हा धोंडा आजवर कुणाच्या वाट्याला आला, आणि मऊ उशी कुणाच्या? त्याचा इतिहास आज थोडा उलगडून बघू.

आधी शब्द पाहू. ‘उशी’ हा शब्द जुना आहे. संस्कृतात ‘उच्छीर्षक’ म्हणत. त्यात ‘शीर्ष’ म्हणजे डोकं. डोकं उंच करते ती उशी. प्राकृतात त्याचं ‘ऊसीस’ झालं आणि आपल्या तोंडी ‘उशी’. ‘उसे’ आणि ‘उशाला’ ही त्याचीच भावंडं. ‘तक्क्या’ आणि ‘गिरदी’ हे मात्र फारसीच्या वाटेनं आले. तक्क्या म्हणजे टेकायचं ते, गिरदी म्हणजे गोल ती. आपला मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथं दरबाराची भाषा आधी फारसी आणि पुढं उर्दू होती. त्यामुळं बैठकीचे शब्द दरबारी आणि झोपण्याचा शब्द घरचा, असं झालेलं दिसतं. उशी झोपणाऱ्याची. तक्क्या बसून हुकूम सोडणाऱ्याचा.

जगात सगळीकडं उशी मऊच होती असं नाही. इजिप्त देशात हजारो वर्षांपूर्वी लोक लाकडाच्या, दगडाच्या, हस्तिदंताच्या टेकूवर मान ठेवून झोपत. तुतनखामुन या तरुण राजाची कबर 1922 साली सापडली, तिच्यात असे टेकू निघाले. चीनमध्ये भाजलेल्या चिनी मातीच्या उश्या होत्या, उन्हाळ्यात डोक्याला गार लागायच्या. जपानात बायका डोक्यावर मोठा केशसंभार बांधायच्या. तो विस्कटू नये म्हणून लाकडी खोक्यावर छोटी गुंडाळी बांधायची आणि तिच्यावर फक्त मान टेकवायची. केस नीट राहावेत म्हणून रात्रभर मान अवघडून झोपायचं. बाईच्या झोपेपेक्षा तिचं दिसणं मोठं, ही गोष्ट तिकडंही होती.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. अजिंठ्याची 26 नंबरची लेणी पाचव्या शतकातली. तिच्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती कोरलेली आहे, सुमारे सात मीटर लांब. भगवान बुद्ध उजव्या कुशीवर पहुडले आहेत आणि डोक्याखाली उशी आहे. कोरणाऱ्यानं दगडातही ती फुगीर, भरलेली दाखवली. म्हणजे भरलेली उशी काय असते, हे दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. कुशीवर झोपणाऱ्याच्या डोक्याखाली जाड उशी हवी, हेसुद्धा त्या कारागिरानं बरोबर पाहिलेलं दिसतं. ते का, ते पुढं सांगू.

महाभारतातली गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. भीष्म बाणांच्या शय्येवर पडले, पण डोकं खाली लोंबत होतं. त्यांनी उशी मागितली. राजेलोक मऊ, भारी उश्या घेऊन धावले. भीष्म म्हणाले, या शय्येला ही उशी शोभत नाही. मग अर्जुनानं तीन बाण जमिनीत मारून डोक्याला आधार दिला. गोष्टीचा मोठेपणा वेगळा आहे, पण त्यात एक साधं शहाणपण आहे. मान लोंबकळत राहिली तर वीरालाही सोसत नाही, आणि उशी अंथरुणाला जुळणारी हवी.

उसे आणि पायथा यांनाही आपल्याकडं मान. श्रीकृष्ण झोपलेले असताना दुर्योधन उशाशी बसला आणि अर्जुन पायथ्याशी. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. नर्सी हे संत नामदेवांचं गाव. ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना ते खटकलं. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथं पिंड उभी राहिली. डोकं कुठं, पाय कुठं, यावरून कोण मोठा आणि कोण लहान ठरत होतं. विसोबांनी ते मोडून दाखवलं.

नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई गंगाखेडची. तिच्या गोष्टीत विठ्ठल तिच्या झोपडीत येतो आणि जाताना स्वतःचा शेला विसरून तिची वाकळ पांघरून जातो. पुढं देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ जनीवर येतो. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांच्या चिंध्या एकावर एक घालून शिवलेली. राबणाऱ्या बाईकडं अंथरायला-पांघरायला तीच असायची. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी हेच सांगितलं की देवालाही वाकळ चालली. पण त्या बाईच्या उशाला काय होतं, हे कुणी सांगितलं नाही.

ते कसं सांगणार? जुन्या घरात लोड, तक्के, गिरद्या बैठकीत असायच्या, पाहुण्यांसाठी आणि कर्त्या पुरुषांसाठी. आतल्या घरात बाया हात उशाला घेऊन झोपायच्या, नाहीतर जुन्या लुगड्याची घडी, बाळाच्या दुपट्याची गुंडाळी, धान्याचं रिकामं पोतं. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडली. त्यांच्यासाठी ‘निजेला धोंडा’ ही नुसती म्हण नव्हती. ही म्हण कष्टाचं कौतुक करते हे खरं. पण ज्याच्या डोक्याखाली उशी आहे, त्यालाही ती फार सोयीची आहे.

आणि हे कुठं घडत होतं? कापूस पिकणाऱ्या मुलखात. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग शेजारच्या वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरातून गाठीच्या गाठी जाऊ लागला. कापूस हे रोकड पीक झालं, त्याला पांढरं सोनं म्हणू लागले. आपल्या भागातही गावराणी जातीचा कापूस घेत. वेचणीचं काम बायांचं, कमरेला ओटी बांधून, बोटं बोंडाच्या काट्यांनी ओरखडत. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढराशुभ्र माल बाजारात. घरी राहायचा तो फरदडीचा, नाहीतर कवडीचा, डागी. त्यातूनच घरच्या गाद्या-उश्या व्हायच्या. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एका उशीला रुई लागते एक ते दीड किलो. ओझंभर कापूस वेचणाऱ्या बाईला स्वतःच्या उशीपुरती रुई जड नव्हती. पण आधी बैठक, मग पाहुणे, मग लेकीचं लग्न, असं करता करता तिची पाळी येईपर्यंत रुई संपायची.

रुई पिंजायला पिंजारी यायचे. खांद्यावर लांब पिंजण, तिला ताणलेली तात, हातात लाकडी ठोकणी. सुगी झाली, थंडीची चाहूल लागली की गावात त्या तातेचा आवाज घुमायचा. दबून कडक झालेला कापूस तातेच्या झटक्यानं सुटा व्हायचा, हवा खेळायची आणि तीच जुनी उशी पुन्हा फुगायची. पिंजारी बहुतेक मुसलमान. हिंदूंच्या घरातल्या नव्या नवरीची गादी आणि बाळंतिणीची उशी त्यांच्याच हातची असायची. आपल्या गावांचा हा शेजारधर्मही त्या उशीत भरलेला होता. आता गाडीवर यंत्र येतं आणि तासाभरात गादी पिंजून देतं.

कापूस नसेल तिथं काटेसावर. माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली दिसते तीच. चैत्र-वैशाखात तिची बोंडं फुटतात आणि रेशमासारखा कापूस उडतो. त्याचं सूत निघत नाही, पण उशी हलकी आणि मऊ होते.

उशीवर बायांचं नाव एकाच जागी लागलं, ते अभ्र्यावर. रुखवतात भरतकामाचे अभ्रे मांडायचे. राघू-मैना, गुलाब, आणि रंगीत दोऱ्यानं काढलेलं ‘गुड नाईट’. शाळा चौथीत सुटलेल्या मुलींनीही ती अक्षरं नकलून काढली. महिनोन्‌महिने डोळे ताणून भरलेले ते अभ्रे सासरी पेटीत राहायचे आणि पाहुणा आला की निघायचे.

मग काळ बदलला. 2002 साली बीटी कापूस आला. पुढं गुलाबी बोंडअळी वाढली आणि फरदड घेऊ नका असं कृषी विभाग सांगू लागला. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि हळदीनं कापसाची बरीच जमीन घेतली. घरचा कापूस आटला. आता आठवडी बाजारात कृत्रिम धाग्याच्या फुगीर उश्या मिळतात. शहरात ‘मेमरी फोम’ची उशी विकतात. तो फोम 1966 च्या सुमारास अमेरिकेत नासा संस्थेसाठी, विमानातल्या आसनांकरता तयार झाला होता. वस्तू स्वस्त झाली, हे बरंच झालं. पण बाजारातली फुगीर उशी बघायला छान असते, मानेला छान असेलच असं नाही.

म्हणून आता कामाचं बोलू. कुशीवर झोपणारीच्या कानापासून खांद्यापर्यंत जी पोकळी राहते, ती भरेल एवढी जाड उशी हवी. अजिंठ्याच्या मूर्तीखालची उशी आठवा. उताणी झोपणारीला पातळ पुरते, हनुवटी छातीकडं ढकलली जाता कामा नये. पालथं झोपायची सवय असेल तर अगदी पातळ, नाहीतर नकोच. उशी मानेखाली यावी, खांद्याखाली नको. कंबर दुखत असेल तर कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी घ्या, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. दुसरी उशी नसेल तर गोधडीची गुंडाळी चालते. दिवस गेलेल्या बाईला शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात. तिच्या पोटाखाली आणि गुडघ्यांमधे आधार दिला तर तिला झोप लागते.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी द्यायची रीत आपल्याकडं जुनी आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण नाक-तोंड दबून श्वास कोंडू शकतो. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवा. दुसरी गोष्ट, घरात कुणाला आडवं झालं की दम लागत असेल, दोन-तीन उश्या रचून किंवा बसूनच झोपावं लागत असेल, तर तो उशीचा प्रश्न नाही. हृदयाचा त्रास असू शकतो. लगेच दवाखान्यात दाखवा.

कापसाची उशी आठ-पंधरा दिवसांनी कडक उन्हात टाका, वास आणि ओल जाते. अभ्रा दर आठवड्याला धुवा. उशी मधोमध दुमडून सोडा. ती तशीच दुमडून राहिली तर कापूस मेला असं समजा आणि पिंजून घ्या.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घरातली माणसं आणि घरातल्या उश्या मोजून या. कमी पडत असतील तर कुणाला कमी पडते, हेही बघून या. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, असा आमचा अंदाज आहे. मग सगळ्यांनी मिळून रुई आणायची, पिंजायची, शिवायची आणि पहिली उशी जिनं घरात सगळ्यांत शेवटी अंग टेकलं तिला द्यायची. पेटीतला ‘गुड नाईट’चा अभ्राही काढा, तो तिच्याच उशीला घाला.

आजच्यापुरतं एवढंच. राम राम.