रायझरवरचा व्हॉल्व्ह

ठाण्यातल्या अनेक इमारतींच्या भिंतीवरून गॅसचा पाइप वर चढतो आणि मजल्यामजल्यावर स्वयंपाकघरात शिरतो. या उभ्या पाइपाला रायझर म्हणतात. तळाशी त्याला एक व्हॉल्व्ह असतो. वर काही पेटलं, तर खालूनच गॅस तोडायचा, एवढंच त्याचं काम. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवरही रायझर असतात आणि त्यांनाही व्हॉल्व्ह असतात. हे व्हॉल्व्ह कुठे बसवायचे, हे मात्र माणसांचे जीव गेल्यावर कळत गेलं.

‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने 1974 मध्ये मुंबई हायला तेल शोधलं आणि 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झालं. तिथल्या विहिरी दूरदूर विखुरलेल्या आहेत. तेल आणि गॅस समुद्रतळावरच्या पाइपांतून प्रक्रिया प्लॅटफॉर्मकडे येतात आणि रायझरमधून वर चढतात. विहीर बंद केली तरी तळावरच्या पाइपात दाबाखाली भरलेला गॅस तसाच राहतो. रायझर फुटला, तर तो सगळा गॅस आगीला मिळतो. म्हणून हा व्हॉल्व्ह आणीबाणीत आपोआप मिटणारा हवा.

पण तो मिटूनही कधीकधी उपयोग होत नाही, हे 6 जुलै 1988 च्या रात्री स्कॉटलंडजवळच्या ‘पायपर अल्फा’ या तेल प्लॅटफॉर्मवर दिसलं. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. त्या कामाच्या परवान्याचा कागद रात्रपाळीपर्यंत पोचला नाही आणि तोच पंप सुरू केला गेला. पहिला स्फोट त्यामुळे झाला. पण प्लॅटफॉर्म संपवला तो त्यानंतर फुटलेल्या गॅस रायझरनी. उष्णतेने ते व्हॉल्व्हच्या पलीकडे, पाइपलाइनच्या बाजूला फुटले. 167 माणसं गेली. त्यातले बरेचजण हेलिकॉप्टर येईल म्हणून राहण्याच्या जागेत थांबून राहिले होते. वाचलेल्यांपैकी अनेकांनी सूचना मोडून समुद्रात उड्या घेतल्या होत्या.

या दुर्घटनेवरचा लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल नोव्हेंबर 1990 मध्ये आला, त्यात 106 शिफारशी होत्या. पण आणीबाणीचा व्हॉल्व्ह रायझरवर शक्य तितका खाली बसवण्याचा नियम ब्रिटनने अहवालाची वाट न पाहता 1989 मध्येच केला. व्हॉल्व्हच्या पलीकडे उघडा राहणारा पाइप जितका कमी, तितका धोका कमी, हा त्यामागचा विचार होता. उत्तर समुद्रात पुढे कित्येक ठिकाणी थेट समुद्रतळावरही व्हॉल्व्ह बसवले गेले.

आपल्याकडे ही कथा 27 जुलै 2005 ला येऊन आदळली. आदल्या दिवशीच्या पावसाने कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली होतं, मुंबई ठप्प होती. त्या हवेत हायवर हेलिकॉप्टर उडत नव्हतं. ‘समुद्र सुरक्षा’ या मोठ्या सहायक जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली गेली. उपचारासाठी त्याला क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर चढवण्यात आलं. त्यानंतर जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मकडे ढकललं गेलं आणि त्याच्या हेलिडेकने रायझरला धडक दिली. गळालेल्या गॅसने पेट घेतला.

रायझरवर व्हॉल्व्ह होते. पण समुद्रतळावरचे काही पाइप 12 किलोमीटरपर्यंत लांब होते आणि त्यांतला गॅस व्हॉल्व्हच्या पलीकडे होता. आगीपासून संरक्षण नसल्याने शेजारचे रायझरही फुटत गेले. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती रायझरची जागा. ते जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या पोलादी सांगाड्याच्या, बाहेरच्या बाजूला होते आणि त्यांच्या पुढ्यातलं धडक-संरक्षण लहान पुरवठा जहाजांपुरतं होतं. मोठ्या जहाजाचा विचार कागदावर झालाच नव्हता.

दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. आठ लाइफबोटींपैकी दोनच आणि दहा लाइफराफ्टपैकी एकच पाण्यात उतरू शकली. 384 माणसांपैकी 362 वाचली, 22 गेली. आजूबाजूच्या बोटींनी, नौदलाने आणि तटरक्षक दलाने त्या खवळलेल्या समुद्रात माणसं उचलली. जळत्या जहाजावर, दाबाच्या चेंबरमध्ये सहा पाणबुडे अडकून पडले होते. चेंबरमधून एकदम बाहेर काढलं तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस मरतो, त्यामुळे त्यांना सोडवायला सुमारे दीड दिवस गेला. तेही वाचले.

किनाऱ्यावर त्या आठवड्यात प्रत्येक घर आपापल्या चिखलात होतं, त्यामुळे ही आग ठाणे-डोंबिवलीत जितकी बोलली जायला हवी होती तितकी बोलली गेली नाही. चौदा-चौदा दिवसांच्या ड्यूटीवर हायला जाणाऱ्यांच्या घरी मात्र ती विसरली गेलेली नाही.

2008 मध्ये समुद्रातल्या तेलकामासाठी केंद्राने स्वतंत्र सुरक्षा नियम केले आणि त्यांच्या अंमलबजावणीवर देखरेखीचं काम 1986 मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिलं. नवा प्लॅटफॉर्म आखताना रायझर सांगाड्याच्या आत घेता येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात उभारलेल्या प्लॅटफॉर्मवर तो हलवणं फार अवघड असतं, आणि तळावरच्या व्हॉल्व्हच्या देखभालीला पाणबुडे लागतात, खर्च मोठा येतो. तिथे मोठ्या जहाजाला रायझरच्या बाजूने, वारा पाठीशी घेऊन जवळ येऊ न देणं, हाच पहिला बंदोबस्त उरतो.