आजोबांची काचेची काठी

घरातले वडीलधारे माणूस गेले, की मागे राहिलेल्या वस्तूंची वाटणी सोपी नसते. जमीनजुमला, दागदागिने यांचा भाव कुणालाही विचारता येतो. पण जिचा उपयोगच पुढच्या पिढीला ठाऊक नाही अशा वस्तूचे काय करावयाचे? अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न एका काठीवरून उभा राहतो. कापडी पिशवीत ठेवलेली, दोन तुकड्यांची, सात-आठ फूट लांबीची, तळाला बुचाची मूठ असलेली मासे धरण्याची काठी. नातू म्हणतो, "प्लॅस्टिकची आहे, टाकून द्या." शेजारी म्हणतो, "जुनी आहे, पुष्कळ पैसे येतील." बहुधा दोघांचेही खरे नसते. ही काठी वाचावयाची कशी, ते आज पाहू. वस्तूवरून इतिहास कसा काढावा याचा हा चांगला पाठ आहे, म्हणून शिक्षकमित्रांनी थोडे अधिक लक्ष द्यावे.

आधी तिचे काम समजून घ्या. आपण गळाला गांडूळ लावतो, शिशाचा तुकडा बांधतो आणि त्या वजनाच्या जोरावर दोरी लांब जाते. इथे सगळे उलटे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पाण्यावरचे किडे टिपतो. म्हणून गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. तिला वजन असे नाहीच. मग फेकायची कशी? तर दोरीच जड करतात, आणि काठी मागेपुढे झुलवून ती दोरी चाबकासारखी सोडतात. काठी आणि दोरी यांचा मेळ बसला नाही, तर कितीही मोलाची काठी असो, हात दुखतो आणि माशी पायाशी पडते.

पूर्वी ही काठी बांबूची असे. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला एक खास बांबू चिरून सहा कामट्या काढीत, त्या तिकोनी तासून एकमेकींना चिकटवीत. यात किती कसब लागते ते आपल्या बुरुडाला सांगायला नको. त्यामुळे चांगली काठी महाग पडे. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि चीनचा माल मिळेनासा झाला. ऑर्थर हॉवाल्ड हे राळ-प्लॅस्टिकच्या धंद्यातले रसायनतज्ज्ञ. 1944 साली मिशिगनमध्ये मासेमारीला गेले असता त्यांच्या बांबूच्या काठीचे टोक मोडले. नवे मिळेना, तेव्हा त्यांनी काचेचे बारीक तंतू राळेत भिजवून तसले टोक स्वतःच तयार केले. कॅलमझू गावच्या शेक्सपिअर कंपनीने ही युक्ती उचलली आणि 1947 च्या सुमारास 'वंडररॉड' बाजारात आणली. (नाव ऐकून दचकू नका. कंपनीचे संस्थापक खरोखरच विल्यम शेक्सपिअर या नावाचे होते, पण नाटककाराशी त्यांचा संबंध नाही!) 1950 च्या डिसेंबरात, कोरियाचे युद्ध पेटलेले असताना, अमेरिकेने चीनशी व्यापारच बंद केला, तो 1971 पर्यंत बंद राहिला. बांबू गेला आणि काच आली. कारखान्यातला मजूर, शाळामास्तर, शेतकरी यांच्या हाती बरी काठी आली ती या वीस-पंचवीस वर्षांत. पुढे 1973-74 च्या सुमारास कार्बनच्या तंतूंची हलकी, ताठ काठी निघाली आणि काच मागे पडली. म्हणजे आजोबांची काठी काचेची असेल, तर तिचा काळ बराचसा ठरलाच.

आता ती हाती घ्या. मुठीच्या वरच्या बाजूस बारीक अक्षरे असतात. तिथे कारखाना, लांबी आणि दोरीचा क्रमांक सापडतो. तिथे 'एच डी एच' अशी अक्षरे असली तर काठी जुन्या पद्धतीची समजा. त्या वेळी दोरी जाडीवरून मोजीत. रेशमी दोरीच होती तोवर ते ठीक होते. नायलॉन आल्यावर सारख्याच जाडीच्या दोऱ्यांचे वजन वेगवेगळे भरू लागले; तेव्हा 1960 च्या सुमारास कारखानदारांनी वजनाचे आकडे ठरविले. दोरीचे पहिले तीस फूट 160 ग्रेन भरले तर ती सहा नंबरची. आपला तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे ही तोळ्याहून जराशी कमी. एच डी एच काठीला साधारण हीच सहा नंबरची दोरी लागू पडते.

मग लांबी मोजा, हे विसरू नका. दोन्ही तुकडे बहुधा सारखे असतात. वरचा तुकडा चार बोटे आखूड भरला, तर टोक कधीतरी मोडून वरची कडी पुन्हा बसविली आहे असे समजावे. किंमत तिथेच उतरते. काठी उजेडात धरून फिरवा. पांढुरका डाग दिसला तर आतले तंतू दुखावलेले असण्याचा संभव आहे. कड्यांतून कापसाचा धागा ओढा. अडकला तर दोरीने कडीला खाच पाडली आहे. ही खाच नव्या दोरीची साल काढील, पण कडी बदलता येते, भिण्याचे कारण नाही. दोन तुकड्यांचा सांधा धातूचा असेल तर घट्ट बसतो का पहा. अडकला तर पिळू नका, सरळ ओढा. पिळण्याने नळीच सैल होते. आणि हौसेने जुने रोगण खरवडू नका. विकायची असेल तर मुळीच नको, कारण अक्षरे त्याच्याच खाली असतात.

पैशाचे म्हणाल, तर कारखान्याच्या काठ्या लाखांनी निघाल्या. त्यांना फार भाव येत नाही. पॅसेडिनाच्या रस पीक यांच्यासारख्या एकट्याने बसून काठ्या करणाऱ्या कारागिराचे नाव निघाले, तर मात्र जाणकाराला दाखविल्याशिवाय हातची सोडू नये. बाकीच्यांनी ती वापरावी, हेच मला बरे वाटते. काच मुळापर्यंत वाकते, सावकाश झुलते. लांब फेकीत कार्बनपुढे ती टिकत नाही, पण अरुंद ओढ्यावर, वीस-पंचवीस फुटांवर, माशी अलगद ठेवावी तर तिनेच. त्यासाठी आजही काही कारखाने मुद्दाम काचेच्या नव्या काठ्या करतात.

तेव्हा पिशवीवर आजोबांचे नाव आणि ते कुठल्या नदीवर जात ते लिहून ठेवा, ओल्या फडक्याने काठी पुसा, योग्य नंबरची दोरी ओवा, आणि पहिली फेक गवतावर करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून.