मुद्दल शून्य, तर व्याज कशाचे?

पतपेढीची वही ज्याने एकदा सांभाळली, त्याला अवकल समीकरणाचे भय वाटण्याचे कारण नाही. राशी बदलण्याचा वेग त्या राशीशी कसा बांधलेला आहे, एवढेच ते सांगते. कर्जाच्या प्रमाणात व्याज, हे त्यातले साधे, रेषीय समीकरण. आरंभीची रक्कम ठरली, नियम ठरला; मग पुढचा हिशोब एकच निघेल काय? हिशोब दोन निघाले की कोणाचे तरी पोट मारले जाते, हे आम्ही युनियनवाले जाणतो.

दोन कारकुनांच्या हिशोबांची वजाबाकी करा. मधला भरणा, मधली उचल दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती उडते. उरलेला फरक त्याच व्याजाच्या नियमाने चालतो आणि आरंभी तो शून्य असतो. मुद्दलच नाही, तर व्याज कशाचे?

पण गोम येथेच आहे. शून्य शून्यच राहते, हे प्रत्येक नियमात खरे नाही. भोक पडलेल्या टाकीतले पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. आमच्या वसई-विरारकडच्या बाईला सकाळी टाकी रिकामी दिसते. ती पहाटे तीनला संपली की पाचला, हे रिकाम्या टाकीवरून कोणालाच सांगता येत नाही. नियम तोच, आजची स्थिती तीच, पण मागचे इतिहास अनेक!

कोशीने १८२० च्या दशकात पॅरिसच्या वर्गात हा प्रश्न हाती घेतला. १८७६ साली लिपशिट्झने अट नेमकी केली : दोन स्थितींच्या वेगांतला फरक त्या स्थितींतल्या फरकाच्या ठराविक पटीपलीकडे जाऊ नये. टाकीचे वर्गमूळ शून्यापाशी ही अट मोडते. रेषीय समीकरण, त्याचे गुणक सतत असतील तर, ती पाळते. पेआनोने पुढे दाखवले की नुसत्या सातत्याने वाट मिळते, पण ती एकच असेल याची हमी मिळत नाही.

पोलादाच्या कारखान्यांत अभियंता म्हणून राबलेल्या ग्रोनवॉलने १९१९ साली एक असमानता मांडली. (हा शब्द आमच्या कानांना निराळाच लागतो.) वाढ स्वतःच्या प्रमाणाबाहेर जात नसेल, तर राशी आरंभीच्या रकमेच्या ठराविक पटीतच राहते, आणि शून्याची कितीही पट शून्यच.

हे धागे मराठी मुलखातही विणले गेले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास लक्ष्मीकांतम् तेथे गणित शिकवीत. पुढे त्यांनी रवि अगरवाल यांच्यासह, उत्तर एकच केव्हा आणि अनेक केव्हा, याच प्रश्नावर १९९३ साली ग्रंथ लिहिला. त्याच विद्यापीठातले बाबुराव पाचपट्टे ग्रोनवॉलच्या असमानतेची नवी नवी रूपे काढीत राहिले. १९९८ सालच्या त्यांच्या ग्रंथात ती सापडतात.